जानकीच्या ओटीचा नारळ

जानकी, आठवडाभर तुझा नारळ माझ्या फळीवर होता. देव्हाऱ्यात ठेवायला सून तयार नव्हती आणि चुलीशी ठेवायला माझा जीव धजत नव्हता, म्हणून मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. येता-जाता मी त्याच्याशी बोलायचे. "काय करू गं तुझं?" सून ऐकायची आणि आपलं काम करत राहायची. तिला वाटलं असेल, बोलू दे, नारळाशीच बोलते ना, आपल्याशी तर नाही.

तुझी ओटी मी कार्ल्याला एकविरा आईच्या पायावर घातली तेव्हा तू या जगात नव्हतीस. मला ते माहीत नव्हतं. आईला माहीत असणार, पण ती काही बोलली नाही. पुजाऱ्याने ओटी पायाला लावली आणि नारळ नि खण प्रसाद म्हणून परत माझ्या पदरात टाकला, दरवर्षी टाकतो तसा. मी पायऱ्या उतरले आणि खाली आल्यावर मला सांगितलं की तू गेलीस. आता हा प्रसाद कोणाचा? तो कोणी खायचा? घरात ठेवायचा की नाही? आमच्या एवढ्या पालखीत कोणाला सांगता येईना. मी तुला विचारलं असतं बघ. असल्या गोष्टी मी तुलाच विचारायचे.

तसं म्हटलं तर आपली ओळख केवढी? वर्षातली एक संध्याकाळ आणि एक रात्र. चैत्रात आमच्या तारापूरकडच्या मासेमार गावांची पालखी निघते, ती पहिल्या दिवशी पालघरला टेकते, तू स्वयंपाक सांभाळायचीस त्या मुलींच्या वसतिगृहात. पुढचे मुक्काम शाळांत, मंगल कार्यालयांत, कुठे नुसत्या मंडपात. ते सगळे सोपे. कठीण तो पहिलाच, कारण घर अजून जवळ असतं. बोईसर-पालघरच्या मध्ये एक उमरोळी स्टेशन, की झालं. पाय सुजलेले असतात, आणि मनात येतं, गाडीत बसलं तर रात्रीच्या जेवणाला घरी! किती बाया तुझ्या फाटकातून परत गेल्या असत्या. कोणाला वाळत घातलेली सुकट आठवायची, कोणाला नवऱ्याच्या गोळ्या. आमच्या सुगंधाला तर दरवर्षी वाटतं की गॅस चालू राहिला. तू फाटकाला आतून कडी घालायचीस आणि म्हणायचीस, "जा ना, कोण अडवतं? पण पाय शेकून जा. गरम पाणी काढलंय ते काय मी पिऊ?"

पाय पाण्यात गेले की कोण उठतंय!

त्या घमेल्यांचं तुझं शास्त्र वेगळंच. खडेमीठ, पाणी, वर निरगुडीचा पाला. चार-चार बायका एका घमेल्याला गोल बसायच्या आणि तू सुईत दोरा ओवून प्रत्येकीचे फोड बघत फिरायचीस. मला पहिल्या वर्षी म्हणालीस, "बाय, तुझे पाय बोटीवरचे हायेत, रस्त्यावरचे नायत." मी म्हटलं, बोटीवर बाया जात नाहीत, आम्ही किनाऱ्यावरच्या. तर म्हणालीस, "मग वाळूवरचे. डांबर तुला नाय सोसायचं." मला राग आला होता. तुझं गाव विक्रमगडच्या पलीकडे डोंगरातलं, तू समुद्र आयुष्यात किती वेळा बघितला असशील? आणि ही मला सांगणार! पण मोजे घालून चालायला तूच शिकवलंस, आणि मग मी कार्ल्यापर्यंत पोचले.

पालखी मधल्या हॉलमध्ये बाकांवर ठेवायची, खाली तुझी ती जांभळी साटीन. पोरी परीक्षा असली तरी पुस्तकं घेऊन तिथेच बसायच्या, आईच्या नथीकडे बघत. मोबाईल चार्ज करायला बायांची भांडणं, न्हाणीघराला रांग, बेंजोवाल्यांना जास्तीचा भात. आणि तू सगळीकडे. "तुमी कोळणी आलात की माझ्या पोरींना पण मोठ्याने बोलायची सवय लागते. आठ दिवस जात नाय." आमच्यातल्या म्हणायच्या, तुझ्या पोरी इतक्या हळू बोलतात की पाणी मागतात का देव आठवतात कळत नाही.

आणि आपल्या बोंबलांचं काय सांगू! पालखी उचलल्यापासून दर्शन होईस्तोवर मासळीला हात लावायचा नाही, पिशवीत ठेवायची नाही, नाव काढायचं नाही. हा आमचा नेम. आणि तू पहिल्याच वर्षी निघताना कानात म्हणालीस, "येताना सुके बोंबील आण गं." मी बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसणारी बाई, माझ्याकडे कोणी बोंबील मागितले आणि मी नाही म्हटलं, असं कसं होईल? मग पुढच्या चैत्रापासून मी नेम मोडायला लागले. बोंबील कागदात, कागद प्लास्टिकमध्ये, प्लास्टिक स्टीलच्या डब्यात, डबा लुगड्यात. पण चैत्रातलं ऊन! कुंभवलीपर्यंत काही नाही, तिथे कारखान्यांचा वास इतका की बोंबील बिचारा लाजेल. बोईसर ओलांडलं, मोकळी हवा लागली, की पिशवी बोलायला लागायची. चहाच्या टपरीवर एक कामगार सगळ्यांना पाणी देत होता, "माताजी, पानी लो," करत माझ्याजवळ आला आणि नाक धरून मागे सरला. आमचे पद्माकरकाका, पालखीचे पुढारी, पुढून ओरडले, "कोणाच्या पिशवीतनं समुद्र येतोय?" सगळ्या बाया आभाळाकडे बघायला लागल्या.

तुझ्या दारात काकांनी शेवटी माझ्या पिशवीवर बोट ठेवलंच. तू मध्ये आलीस. "काका, तो वास माझ्या चुलीचा हाय. सकाळी केलेले." काका म्हणाले, "वसतिगृहात मासळी शिजते?" तू म्हणालीस, "मग काय, माझ्या पोरींनी नुसती डाळ खाऊन दहावी व्हायचं?" काका हसले आणि गेले. त्यांना सगळं कळलं होतं. दरवर्षी कळायचं.

पण जानकी, माझे बोंबील खाताना मी तुला एकदाही बघितलं नाही. पालखी घरात असताना तू ते शिजवायची नाहीस. आम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी करायचीस. कसे केलेस, लसूण किती घातलास, पोरींना पुरले का, ते मी वर्षाने विचारायचे आणि तू वर्षाने सांगायचीस, "तिखट झालेले." आणि मला उगाच वाटायचं, या वेळी तरी जास्त पाणी घाल म्हणून सांगावं.

ते तेवढंच खाणं आपण एकत्र खाल्लं नाही.

मी उतरू शकले असते गं पालघरला. दर महिन्याला उतरले असते तरी कोण विचारणार होतं? माझी लेक वैतरण्याजवळ दिलीय, तिच्याकडे जाताना गाडी पालघरला थांबतेच. एकदा पावसाळ्यात मी खिडकीतून फलाटाकडे बघत होते. उठलेसुद्धा. पण हातात काठी नाही, पायाला फोड नाही, आईची पालखी नाही, नुसतीच मी. नुसती मी तुझ्या दारात जाऊन काय सांगणार, भेटायला आले? परत बसले. तुझा फोन नंबरही होता, पण तू फोनवर "हॅलो" म्हणून गप्प बसायचीस, जसं पलीकडे साहेब आहे. समोर असलीस की तोंड मिटायचं नाही आणि फोनवर मुकी. नवऱ्याचं तू कधी काढलं नाहीस, मी विचारलं नाही. माझा गेला त्या वर्षी तू माझे पाय नेहमीपेक्षा जास्त वेळ चोळलेस आणि तेलाची बाटली संपवलीस, तेवढंच.

आपलं भांडण मात्र पक्कं होतं, आणि ते अर्धंच राहिलं. मी म्हणायचे, चल की एकदा कार्ल्याला. तू म्हणायचीस, बघू. कधी पोरींची परीक्षा, कधी तुझा गुडघा, कधी बदली बाई मिळाली नाही. मी दुसऱ्यांच्या पायांचे फोड फोडत बसणाऱ्या बाईला म्हणायचे, "अगं, स्वतःच्या पायाला एक फोड येऊ दे की! दुसऱ्याच्या पायाने देव भेटत नाही." तू सुईकडे बघत म्हणायचीस, "हलू नको, टोचेल."

आणि एका वर्षी तू खरंच निघालीस. नवी चप्पल, खांद्याला पिशवी, मला तर वाटलं मीच जिंकले. पहाटे मनोरच्या रस्त्याला लागलो, तू झपाझप पुढे, मी मागे धापा टाकत. आईचा उदो उदो सगळ्यात मोठ्याने तुझाच. मासवणच्या पुलावर उजाडलं. खाली सूर्या नदी, पाणी कमी, दगड वर आलेले. तू कठड्याला टेकलीस. मला वाटलं चप्पल लागली. तू म्हणालीस, "बाय, मी जाते मागे. पोरींचं जेवण हाय."

"बेबी करेल की जेवण!" बेबी म्हणजे तुझी स्वयंपाकघरातली जोडीदारीण.

"बेबीचं मीठ चुकतं."

"एक दिवस खाऊ दे खारट. जेवण कोणीही देईल जानकी, पुण्य कोणी आणून देणार नाही."

"पुण्य तू घेऊन जा. माझ्याकडे ठेवायला कपाट नाय."

आणि मनोरहून आलेल्या टमटमला हात केलास. वर बसल्यावर पिशवीतून ती खणात बांधलेली ओटी काढून माझ्या हातात दिलीस, दरवर्षी द्यायचीस तशीच. तेव्हा मला कळलं, की निघतानाच तुला माहीत होतं तू पोचणार नाहीस. नाहीतर पिशवीत ओटीबरोबर एखादं लुगडं तरी असतं, ती तर रिकामी झाली. मी रागाने म्हटलं, "नवस बोलतेस आणि फेडायला मला पाठवतेस?" टमटम सुरू झाली होती. तू काहीतरी बोललीस, ऐकू आलं नाही. पुढच्या वर्षी विचारलं तर म्हणालीस, आठवत नाय.

तो नवस काय, हे मला कधी कळलं नाही. पोरींसाठी असेल, गुडघ्यासाठी असेल, नवरा परत यावा म्हणून असेल, मी मनातल्या मनात किती नवस तुझ्या नावावर लावले. ओटीत काय असायचं ते मात्र पाठ होतं. तुझ्या पाड्यावरचा तांदूळ, नारळ, हळकुंड, हिरव्या बांगड्या, खण. आणि एक सांगणं. "पोचल्यावर दे. वाटेत कुठे सोडू नको. आणि प्रसाद मला आणू नको, तिकडेच वाटून टाक." मी वाटायचे. बसमध्ये येताना तुझ्या नारळाचे तुकडे सगळ्या बायांना मिळायचे.

यंदा तू आरतीला खाली बसलीस. कधी बसत नव्हतीस. मी म्हटलं, काय गं? म्हणालीस, ऊन लागलं. पाय शेकले माझे, सुई मात्र बेबीच्या हातात दिलीस. सकाळी निघताना माझा एक मोजा सापडत नव्हता, मी सगळी अंथरुणं उलटीपालटी करत होते आणि तू मागे ओटी घेऊन उभी. नेहमीचं सगळं सांगितलंस. मी मोज्यात डोकं घालून "बरं, बरं" म्हटलं. त्यानंतर आपण बोललो नाही. मोजा पिशवीतच होता.

कार्ल्याच्या पायऱ्यांखाली काका माझी वाट बघत होते. मला बाजूला घेतलं, रसवंतीच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"काल. खोपोलीला. वसतिगृहातून फोन आला."

"आणि मला आज सांगता?"

"ओटी पोचायला हवी होती ना, हिराबाय. काल सांगितलं असतं तर या बायांनी ती तुला वर नेऊ दिली असती?"

मी पूर्ण रस्ताभर त्यांच्याशी बोलले नाही. बसमध्ये मी नारळ काढला, तर एकीनेही हात पुढे केला नाही. सुगंधा म्हणाली, "गेलेल्या बाईची ओटी झाली ती. वाहत्या पाण्यात सोड." दुसरी म्हणाली, सुवासिनींनी तर शिवूच नये. या त्याच बाया, जानकी. तुझ्या घमेल्यात पाय बुडवून बसणाऱ्या. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, भीती सगळ्यांनाच असते. मी नारळ परत पदरात बांधला. पाण्यात मी सोडणार नव्हते. तू कोणाला बुडवलं नाहीस, तुझा नारळ मी कशाला बुडवू?

परवा शेवटी उठले, पिशवीत नारळ घातला, खण घातला, आणि बोईसरला गाडीत बसले. चैत्र सरला होता. ना काठी, ना फोड. पालघरला उतरले. स्टेशनपासून चालतच आले, रिक्षा केली नाही, तेवढी तरी लाज राखली.

पोरी सुट्टीला घरी गेलेल्या. अंगणात बेबी एकटी चिंचा फोडत बसली होती. मला बघून आधी मागे बघितलं, पालखी आली की काय म्हणून. मग रडली. मग चहा केला, आणि त्यात मीठ नव्हतं हे नशीब. तिने सांगितलं, दुपारी भांडी विसळलीस, पदराला हात पुसलेस, जरा पडते म्हणालीस, ती उठलीच नाहीस. कोणाला हाक मारली नाहीस. बेबीने दोनदा सांगितलं, शांत होती, शांत होती. मी ऐकून घेतलं.

मग मी नारळ काढून तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "हा तिच्या ओटीचा. आता तूच सांग काय करायचं. तिचा नवस काय होता ते तुला तरी माहीत असेल. तो पुरा झाला का राहिला?"

बेबी म्हणाली, "कसला नवस?"

"अगं, दरवर्षी ओटी पाठवायची ती."

"ती नवसाची बाई होती? देवाकडे काय मागायचं तर लाजेने मेली असती. ती ओटी पावणीची होती."

"कोण पाहुणी?"

"कोण म्हणजे? आई! तुमी पालखी घेऊन येता, आई हिच्या घरी रात्रभर राहते, सकाळी जाते. लेकबाळ घरातून निघाली तर तिची ओटी भरतात का नाय? रिकामी पाठवतात? आणि तुमी तिला म्हणायचात, कार्ल्याला चल, कार्ल्याला चल. ती रात्री मला सांगून हसायची. म्हणायची, आई आपल्या पायाने माझ्याकडे मुक्कामाला येते आणि मी घर टाकून तिच्याकडे जाऊ? पावणी आली आणि घरवाली गायब, असं कोण करतं?"

जानकी, माझ्या हातातला चहा निवला.

हे तू मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं मी तुझ्याशी भांडले आणि उत्तर तू बेबीला सांगितलंस! मला सांगितलं असतंस तर मी काय गप्प बसले असते? मी म्हटलं असतं, बरं, मग त्या वर्षी पुलापर्यंत कशाला आलीस? आणि आता बघ, त्याचं उत्तरही मीच देते. पाहुणीला वेशीपर्यंत पोचवायला आली होतीस. एकदा तरी यावं वाटलं असेल. टमटममधून ओरडून तेच सांगितलंस का? तू बोलतेस, मी बोलते, दोन्ही बाजू मीच. असं भांडण काय कामाचं!

नारळ आम्ही तिथेच फोडला, तुझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. मागे काही उरलेलं नव्हतं, फेडायचं नव्हतं, भिण्यासारखं तर नव्हतंच. पाहुणीला दिलेलं तिला पोचलं होतं. बेबीने अर्धा खवला आणि मला भाताबरोबर चटणी करून वाढली. मीठ खरंच चुकतं तिचं. खण मी बेबीला दिला. ती म्हणाली, मला चोळी कुठे होतेय त्यात, दंडसुद्धा जायचा नाय. पण ठेवून घेतला.

रात्री राहिले. बेबीने हॉल उघडून दिला. एवढ्या मोठ्या फरशीवर माझं एकटीचं अंथरूण, दाराजवळ, दरवर्षी तुझ्या शेजारी घालायचे त्याच जागी. घोरणारं कोणी नाही, मोबाईलवरून भांडणारं कोणी नाही. पंखा तेवढा बोलत होता. मी कार्ल्याला चालत गेलेली बाई, पण इतकी लांब मला कोणतीच रात्र वाटली नव्हती.

काल काकांच्या घरी गेले. त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, ते सुरू केलं. आधी त्यांना म्हटलं, तुम्ही ओटी पोचू दिलीत ते बरं केलंत. मग म्हटलं, पुढच्या चैत्रात मी पालघरपर्यंतच येणार.

"पाय दुखतात का?"

"नाही. आई येणार, तर घरात कोणीतरी नको का?"

काकांनी आत बघितलं. त्यांची बायको आतून म्हणाली, "हिराबाय, एवढी वर्षं तुम्हीच सगळ्यांना ओढून पुढे नेलंत, आणि आता तुम्हीच मागे राहणार?" मी म्हटलं, हो.

मी बेबीला कळवलंय. घमेली कुठे असतात ते तिला माहीत आहे, सुई-दोरा मी नेईन, निरगुडी फाटकाजवळ आहेच. ओटी कशी बांधायची ते मला येतं. सगळं जमेल असं वाटतंय. एकच गोष्ट बेबीला विचारून कळायची नाही, कारण त्या वेळी ती चुलीशी असते. पालखी फाटकाबाहेर पडते, बायांचा आवाज मनोरच्या रस्त्याला लागतो, मग बेंजोही ऐकू येईनासा होतो, आणि हॉलमध्ये नुसती विस्कटलेली सतरंजी आणि तू. तेव्हा तू आधी काय करायचीस गं? झाडायला घ्यायचीस, की थोडा वेळ नुसतीच बसायचीस?